यंत्राला कर्ज आहे, ज्वारीला नाही

प्रति,
राज्यातल्या सर्व जिल्हा सल्लागार समित्यांचे अध्यक्ष, अग्रणी बँकांचे जिल्हा व्यवस्थापक आणि समित्यांवरचे बँकांचे व शासकीय खात्यांचे प्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या कर्जवाटपाचा आढावा घ्यायला दर तीन महिन्यांनी तुमची बैठक भरते. प्रत्येकाच्या पुढ्यात जाडजूड टिपण असतं आणि त्यात रकाने असतात: योजना, उद्दिष्ट, आलेले अर्ज, मंजूर, वाटप, नामंजूर, प्रलंबित. कुठल्या बँकेचा आकडा मागे पडला ते जिल्हाधिकारी वाचून दाखवतात, त्या बँकेचा माणूस उभा राहून "मार्चअखेर पूर्ण करतो, साहेब" म्हणतो आणि सभा पुढच्या विषयाकडे वळते. या टिपणात एक रकाना मला कधी दिसला नाही. दोन वर्षांपूर्वी ज्यांना कर्ज दिलं, त्यांच्यापैकी किती जणांचं शटर आज उघडं आहे?

हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं हिशेब लिहिण्याचं छोटं ऑफिस आहे. खाली खताचं दुकान, वर मी. जीएसटीची विवरणपत्रं, उद्यम नोंदणी, फूड लायसन, बँकेला लागणारे कागद हे माझं रोजचं काम. पूर्वी माझ्याकडे किराणावाले आणि कापडवाले यायचे. आता पापड-शेवया करणाऱ्या बाया येतात, लाकडी घाणा घातलेली पोरं येतात, मिरची कांडपवाले, सिमेंट ब्लॉकवाले, पत्रावळीवाले येतात. कुणाचं कर्ज पीएमईजीपीतलं (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम), कुणाचं मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातलं, कुणाचं पीएमएफएमईतलं (पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना), तर कुणाचं साधं मुद्राचं. कर्ज मिळत नाही अशी ओरड करायला मी बसलेली नाही. ती ओरड खरी आहे, पण ती करणारे पुष्कळ आहेत. कर्ज मिळाल्यानंतर ही माणसं माझ्या समोरच्या खुर्चीवर येऊन बसतात तेव्हा जे दिसतं, ते तुमच्या सभागृहापर्यंत पोचत नाही, म्हणून लिहिते.

आधी प्रकल्प अहवालाबद्दल. तो कसा बनतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा कागदावर येऊ दे. सुरुवात होते यंत्रविक्रेत्याच्या कोटेशनपासून. कोटेशनवरून कर्जाची रक्कम ठरते आणि रकमेवरून हप्ता. तो हप्ता फिटायचा तर नफा किती लागेल ते मग काढतात, आणि तेवढा नफा दिसावा म्हणून विक्री किती दाखवायची ते सगळ्यात शेवटी. म्हणजे माल किती खपेल हे बाजारानं नव्हे, यंत्रवाल्यानं ठरवलेलं असतं. पहिल्या वर्षी ६० टक्के क्षमता, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. पापडाचा उद्योग असो की पेव्हर ब्लॉकचा, आकडे तेच. डीएससीआर, म्हणजे कमाईतून कर्जाचे हप्ते कितपत भागतात ते गुणोत्तर, दीडच्या वर दिसला की फाइल सरकते. आमच्या व्यवसायात सगळे असेच अहवाल लिहितात, कारण बँकेला असेच लागतात. ज्या बाईच्या नावानं तो अहवाल असतो तिनं तो वाचलेला नसतो. वाचला असता तर ती हसली असती.

आता एक उदाहरण सांगते. नाव सांगत नाही. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणतो. अक्कांचा उद्योग कडक भाकरीचा. हा आमच्याकडचा जुना पदार्थ. पातळ थापलेली ज्वारीची भाकरी मंद आचेवर इतकी वाळवायची की ती पापडासारखी कडकडीत व्हावी. प्रवासात, शेतात, शेंगाचटणी आणि दह्यासोबत महिना-दोन महिने खाता येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि शहरातली माणसं ही भाकरी मागायला लागली. अक्कांनी पीएमएफएमईतून सहा लाखांच्या यंत्रांसाठी कर्ज घेतलं: पीठ मळायचं, भाकरी लाटायचं, पाकीट सीलबंद करायचं. तुमच्या टिपणात अक्का 'मंजूर'मध्येही आहेत आणि 'वाटप'मध्येही. दोन्हीकडे टिक झाली, विषय संपला.

खरा विषय त्यानंतर सुरू झाला. रब्बी ज्वारीची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. चांगली मालदांडी ज्वारी तेव्हाच भरून ठेवावी लागते. आमच्याकडे पूर्वी घराघरांत पेवं होती ती काही हौसेखातर नव्हे. अक्कांना रोज तीनशे भाकरी करायच्या तर वर्षाला जवळपास पन्नास क्विंटल ज्वारी लागते. मी हिशेब केला तेव्हा भाव क्विंटलला साडेचार हजार होता, म्हणजे एकरकमी सव्वादोन लाख हवेत. ते नसतील तर दर आठवड्याला बाजारातून दोन पोती आणायची, दिवाळीला वाढलेल्या भावानं घ्यायची, आणि वर मिळेल ती ज्वारी. हायब्रीड मिसळलेल्या पिठाची भाकरी नीट थापली जात नाही, चिरते. हे अक्कांना बँकेच्या कुठल्याही अधिकाऱ्यापेक्षा चांगलं कळतं. पण त्यांच्या कर्जात ज्वारीसाठी एक रुपयाही नव्हता. यंत्रावर ३५ टक्के अनुदान आहे, ज्वारीवर नाही. म्हणून अहवालात सगळा जीव यंत्रांत ओतलेला, आणि खेळत्या भांडवलाच्या रकान्यात 'स्वतःचे' असा एक शब्द. स्वतःचे म्हणजे कुठले, हे कुणी विचारलं नाही.

ते स्वतःचे कुठून आले ते मी सांगते. अक्कांनी एका खासगी फायनान्सच्या महिला गटातून कर्ज उचललं. दर आठवड्याला हप्ता, व्याज वीस टक्क्यांच्या वर, आणि एक बाई चुकली तर बाकीच्या नऊ जणी तिच्या दारात. म्हणजे कमी व्याजाचं, अनुदानाचं, सरकारी योजनेचं कर्ज चालू ठेवण्यासाठी महागडं कर्ज घ्यावं लागलं. सूक्ष्म वित्त कर्ज देताना कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ठरवून दिलं. पण ज्या घरात बँकेचं यंत्राचं कर्ज आधीच आहे, त्या घराचं उत्पन्न कागदावर किती फुगवून दाखवलेलं असतं ते वर सांगितलंच.

आणि यात नियमांची अडचण मुळीच नाही. नियम चांगले आहेत, तुमच्याच कपाटात आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाला यंत्रासाठीचं मुदत कर्ज आणि खेळतं भांडवल एकाच खिडकीतून, एकत्रित कर्ज म्हणून एक कोटीपर्यंत देता येतं. लघुउद्योगांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेनं नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के खेळतं भांडवल द्यायचं असतं. पीएमईजीपीच्या प्रकल्प खर्चात तर खेळत्या भांडवलाचं एक चक्र धरलेलंच आहे. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही हे २०१० पासून बंधनकारक आहे. ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या वैयक्तिक कर्जदाराकडून आणि बचत गटाकडून, योजनेतच तशी अट नसेल तर, बेबाकी दाखला (दुसरीकडे थकबाकी नसल्याचा) मागू नका असं रिझर्व्ह बँकेनं २०१५ मध्ये सांगितलं. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा आहे.

तरीही गेल्या वर्षी एक पोरगा माझ्यासमोर पिशवीतून कागद काढत होता: गावातल्या सोसायटीचा दाखला, एका बँकेचा, दुसऱ्या बँकेचा, पतसंस्थेचा. प्रत्येक ठिकाणी फी भरलेली, दोन-दोन खेपा झालेल्या. मी त्याला म्हटलं, अरे हे लागत नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही चला की माझ्याबरोबर आणि साहेबांना सांगा." मी काय सांगणार? ते परिपत्रक शाखेतल्या माणसानं वाचलेलं नाही, किंवा वाचूनही कागद जास्त असलेले बरे असं त्याला वाटतं. तुमच्या समितीनं एक पान काढावं, मराठीत, मोठ्या अक्षरात: 'हे कागद लागतात, हे लागत नाहीत.' ते प्रत्येक शाखेच्या भिंतीवर लावावं. खर्च जवळपास नाहीच. पण गावातली निम्मी दलाली यावर उभी आहे, ती बसेल.

हप्त्याचंही असंच. कडक भाकरी पावसाळ्यात सादळते. पाकिटात कितीही बंद करा, जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं, दुकानदार माल परत करतात. दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र मागणी पुरवता येत नाही. मग बारा महिने सारखाच हप्ता का? उत्पन्नाच्या ओघाप्रमाणे हप्ते बांधून द्यायला बँकेला कुणी मनाई केलेली नाही. गंमत अशी की ज्वारी शेतात उभी असते तोवर तिच्या कर्जाला हंगाम असतो, पीक कर्ज थकीत ठरवताना पिकाचा हंगाम मोजला जातो. त्याच ज्वारीची भाकरी झाली की ९० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. अक्कांचा एक ऑगस्ट आणि एक सप्टेंबर चुकला. त्यांच्या सिबिलवर तो डाग आहे, आणि मार्चमध्ये ज्वारी भरण्यासाठी त्यांनी कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाचं कर्ज) मागितलं तेव्हा तोच डाग दाखवून नाही म्हणण्यात आलं.

मार्गदर्शनाकडे येते. शासनाच्या प्रत्येक योजनेच्या कागदात हा शब्द आहे आणि त्यासाठी माणसंही आहेत, हे मान्य करते. प्रत्येक जिल्ह्यात आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षण संस्थेवरून हा नमुना देशभर नेला गेला, आणि नमुना उत्तम आहे: फुकट प्रशिक्षण, राहण्या-जेवणाची सोय आणि नंतर दोन वर्षं पाठपुरावा. पण तीन-चार माणसांनी अख्खा जिल्हा सांभाळायचा म्हटल्यावर, मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत पाठपुरावा म्हणजे एक फोन: "चालू आहे ना धंदा? कर्ज झालं ना? बरं." पीएमएफएमईत जिल्हा संसाधन व्यक्ती आहे. ही व्यक्ती अहवाल करून देते, बँकेत फाइल हलवते, परवाने काढून देते. तिला एका प्रकरणामागे २० हजार रुपये ठरलेले आहेत: निम्मे कर्ज मंजूर झाल्यावर आणि निम्मे नोंदण्या, परवाने, उभारणी झाल्यावर. या माणसांना मी दोष देत नाही, त्यांतले कितीतरी जण स्वतःच्या गाडीत पेट्रोल घालून फिरतात. पण मेहनतान्याची रचना बघा. उद्योग सुरू झाला त्या दिवशी मार्गदर्शकाचं काम संपलं. लग्न लागलं, वऱ्हाड जेवून निघून गेलं.

आणि शासनाला मात्र पुढची तीन वर्षं महत्त्वाची वाटतात, हे त्याच योजनेत लिहून ठेवलंय! अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवायची. खातं नियमित असेल आणि उद्योग चालू असेल तरच ती कर्जात वळती करायची. पीएमईजीपीतही तीन वर्षांचंच कुलूप आहे. म्हणजे तीन वर्षं तग धरणं हीच परीक्षा, हे ठरलेलं आहे. परीक्षा घ्यायला माणूस येतो, युनिटसमोर उभं करून फोटो काढतो. त्या तीन वर्षांत शिकवायला कोण येतं?

कसलं शिकवणं, असं तुमच्यापैकी कुणी विचारेल, कारण मार्गदर्शन म्हटलं की मेळावा, शाल-श्रीफळ, प्रोजेक्टरवरचे फोटो आणि मोबाइलवर विकणाऱ्या महिलांच्या यशोगाथा असं चित्र समोर येतं. मी सांगते ते बरंच कोरडं आहे. अक्का एकदा म्हणाल्या, महिन्याला भाकरी एवढ्या जातात, तरी गल्ल्यात काही उरत नाही. आम्ही शंभर भाकरींचा हिशेब मांडला. ज्वारी साडेपाच किलो, अडीचशे रुपये. दळण तीस. गॅस आणि लाकूड ऐंशी. वीस पाकिटं चार रुपये दरानं, ऐंशी. झाले चारशे चाळीस. अक्का दुकानदाराला सहा रुपयांना एक भाकरी देत होत्या, म्हणजे शेकडा सहाशे. एकशे साठ रुपये सुटतात असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. मी विचारलं, शंभरातल्या मोडतात किती? "सात-आठ मोडतातच. एसटीत टाकल्या की जास्तच." आणि तुमची नि सुनेची मजुरी? यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. घरच्या बाईची मजुरी कोण धरतं? आम्ही दोघींची मिळून दोनशे धरली, बाहेरची बाई ठेवली असती तर तेवढे द्यावेच लागले असते. खर्च सहाशे चाळीस. मोडलेल्या आठ वजा करून ब्याण्णव भाकरींचे आले पाचशे बावन्न. शंभर भाकरींमागे अठ्ठ्याऐंशी रुपये तोटा. जितकी विक्री वाढेल तितका तोटा वाढणार, आणि प्रकल्प अहवाल तर म्हणतो की दरवर्षी क्षमतेच्या आणखी दहा टक्के विक्री वाढवा.

आम्ही दर आठ रुपये केला. दोन दुकानदारांनी माल बंद केला, एकानं कुरकुरत चालू ठेवला. पाकिटाऐवजी पुठ्ठ्याचा डबा केला, त्यात मोडतोड कमी झाली पण डब्याचा खर्च वाढला. अजून तो हिशेब पुरता जुळलेला नाही. हे मार्गदर्शन. यात व्याख्यान नाही, एका कागदावरची बेरीज-वजाबाकी आहे. पण ती दर महिन्याला, त्या बाईच्या ओसरीवर बसून, तिच्या वहीतून करावी लागते. ज्याला हे जमेल असा माणूस तालुक्यात सापडतो. निवृत्त शाखाधिकारी आहेत, बी.कॉम. झालेल्या पोरी आहेत, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) ज्या बँक सखी आज गटांची खाती उघडून देतात त्यांच्यापैकी कितीतरी जणी हुशार आहेत. त्यांना तीस-चाळीस उद्योग वाटून द्या, तीन वर्षांसाठी द्या आणि मानधन कर्ज मंजुरीवर नको, चालू राहिलेल्या उद्योगांवर द्या.

उधारीचं शिक्षणही असंच लागतं. आमच्या घाणेवाल्या पोराला पुण्याच्या एका दुकानसाखळीची ऑर्डर आली. गावात पेढे वाटले. पैसे पंचेचाळीस दिवसांनी मिळणार हे त्यानं वाचलं होतं, पण पंचेचाळीस दिवस शेंगा कशाच्या पैशानं घ्यायच्या याचा विचार केला नव्हता. दोन खेपांनंतर घाणा बंद. मोठ्या ऑर्डरनं बुडालेले मी जास्त पाहिलेत, ऑर्डर न मिळाल्यानं बुडालेले कमी. अशा वेळी गरज असते ती कुणीतरी सांगण्याची, की बाबा, सूक्ष्म उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत असा कायदा तुझ्या बाजूनं आहे, पण त्याआधी ऑर्डर निम्मी घे.

काही गोष्टी आमच्या बाजूच्याही आहेत. अनुदानासाठीच कर्ज काढणारे आहेत. कोटेशनमध्ये यंत्राची किंमत फुगवून स्वतःचा हिस्सा त्यातूनच भागवणारे आहेत, आणि तसं कोटेशन हसत देणारे विक्रेतेही. शेजाऱ्यानं शेळ्या घेतल्या म्हणून शेळ्या, त्यानं मसाला काढला म्हणून मसाला. एका गावात मी चार मसाला कांडप यंत्रं मोजली, त्यांतली तीन ताडपत्रीखाली. काही अर्ज नाकारलेच पाहिजेत. पण नाकारताना कारण लिहून द्या. 'प्रकल्प व्यवहार्य नाही' हे कारण नव्हे. 'तुमच्या गावात तीन कांडप आधीच आहेत, त्याऐवजी पॅकिंगचा विचार करा' हे कारण. असं नाही म्हणणं मला कित्येक मंजुऱ्यांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

शाखाधिकाऱ्यांचं दुखणंही मला दिसतं. शाखेत माणसं तीन, त्यांतला एक रोखपाल. जनधन, विमा, पीक कर्ज, कर्जमाफीच्या याद्या, केवायसी, सगळं त्यांच्याच डोक्यावर. साहेब परराज्यातून आलेले, अक्कांची सोलापुरी बोली त्यांना कळत नाही आणि त्यांचं हिंदी अक्कांना. दोन-तीन वर्षांत बदली. कर्ज बुडालं तर स्पष्टीकरण त्यांना द्यायचं, उद्योग बुडाला तर कुणालाच द्यायचं नाही. त्यामुळे ते सोपं प्रकरण शोधतात, म्हणजे पगारदार नवरा असलेल्या बाईचं. त्यांच्याकडून ओसरीवर बसायची अपेक्षा मी करत नाही. म्हणूनच तो दुसरा माणूस मागते आहे.

हे जमणारं काम आहे की नाही, अशी शंका असेल तर फार लांब जायला नको. आमच्या माण नदीच्याच वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे. तिथे १९९७ मध्ये चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. सभासद बायकांना सही येत नाही म्हणून परवाना आधी नाकारला गेला. बायका लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि परवाना घेऊन आल्या. पण मला त्या कथेपेक्षा पुढचं महत्त्वाचं वाटतं. बँक बाईच्या दारात गेली आणि कर्जाच्या जोडीला धंदा शिकवायची शाळा काढली, तीही गाडीवर घालून गावोगाव नेली. प्रत्येक तालुक्यात अशी बँक निघणार नाही हे मलाही कळतं. त्यामागे एका माणसाची आणि त्या बायकांची पंचवीस-तीस वर्षं आहेत. पण शिकवणं आणि कर्ज एका छताखाली ठेवलं तर काय होतं, एवढं पाहायला तुमच्या समितीनं एक दिवस तिथे जायला काय हरकत आहे? अभ्यासदौरे तर होतातच.

अग्रणी बँक ही कल्पना मुळात आपल्याकडच्या माणसाची आहे, हेही सांगायला हवं. १९६९ मध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटानं सुचवलं की बँकांनी सुटीसुटी खाती न बघता एकेक भूभाग बघावा, आणि त्यातून अग्रणी बँक योजना आली. एका बँकेनं एका जिल्ह्याची जबाबदारी घ्यायची, तिथे काय पिकतं, काय बनतं, पैसा कुठे अडतो ते समजून घ्यायचं. सहकारी साखर कारखाना उभा राहताना विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं प्रवरेला राबलेल्या माणसाची ती दृष्टी होती. वाटपाच्या टक्केवारीचा तक्ता हे त्या कल्पनेचं फारच वाळलेलं रूप आहे.

तर माझं मागणं असं. टिपणात एक रकाना वाढवा: 'वाटपानंतर २४ महिन्यांनी चालू'. योजनावार, शाखावार. पहिली दोन वर्षं तो आकडा लाजिरवाणा येईल, येऊ द्या. ज्या शाखेचं वाटप कमी पण चालू उद्योग जास्त, त्या शाखाधिकाऱ्याचं सभेत नाव घ्या. प्रक्रिया उद्योगाचं कुठलंही प्रकरण मंजूर करताना कच्च्या मालाच्या पैशाचं काय, हा प्रश्न विचारल्याशिवाय फाइल पुढे जाऊ नये, असा ठराव करा. 'स्वतःचे' हे उत्तर चालणार नाही असंही त्यातच लिहा. हप्त्याचा तक्ता अर्जदाराला विचारून आखा. संसाधन व्यक्तींच्या मानधनाची रचना तुमच्या हातात नाही, पण तिचा शेवटचा हिस्सा वर्षभरानंतर द्यावा अशी शिफारस वर पाठवणं तुमच्या हातात आहे. राज्यस्तरीय बँकर्स समितीपुढे ती गेली तर कुणीतरी वाचेल. आणि वर्षातली एक बैठक तालुक्याला घ्या. सभागृह नसलं तरी बाजार समितीचं शेड असतं. दहा उद्योजकांना बोलवा, त्यांतले पाच बंद पडलेल्यांपैकी असू द्या. चालू असलेल्यांच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्यात.

वेळेचं एक शेवटचं. तुमची डिसेंबर तिमाहीची बैठक बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत होते. आमच्याकडे त्याच सुमारास ज्वारी काढणीला येते. खेळत्या भांडवलाची प्रकरणं त्या बैठकीआधी निकाली काढलीत तर मार्चमध्ये माल भरता येईल. नेहमीसारखी मार्चअखेरीला उद्दिष्टासाठी वाटलीत, तर पैसे हातात येईपर्यंत ज्वारी व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेली असेल आणि अक्का त्याच्याकडूनच ती विकत घेतील.

शंभर भाकरींच्या हिशेबाचा कोरा नमुना मी तयार केला आहे. पापड, मसाला, तेल यांसाठी त्यात थोडा बदल करावा लागतो. कुठल्याही समितीला हवा असेल तर पाठवीन, शाखेत वाटायला छापून घ्या, माझं नाव टाकायची गरज नाही.

कळावे,
आपली,
तालुक्याच्या बाजारपेठेतली एक हिशेबनीस